आठ इंच, नऊ इंच आणि हलणारा कमोड : इंदूरमधील एका मिस्त्रींच्या कामाचे परीक्षण

हे परीक्षण एका प्लंबर मिस्त्रींच्या कामाचे आहे. त्यांचे नाव मी लिहीत नाही, कारण ते एकटेच काम करतात, ओळखीतून आलेलीच कामे घेतात, आणि अनोळखी फोन येऊ लागले की हातातले काम बिघडते असे त्यांनीच सांगितले. त्यांच्या आधी ज्या दुकानाच्या माणसाने हेच काम केले होते, त्या दुकानाचेही नाव देत नाही. दुकानाशी झालेला वाद आता मिटला आहे. नावे नसलेले परीक्षण कोणाच्या उपयोगाचे, असे कोणी विचारील. परंतु कमोड बसवून घेताना नेमके काय पाहायचे हे मला आधी ठाऊक असते, तर पहिल्याच दिवशी मी त्या माणसाचा हात धरला असता. शिवाय इंदूरच्या जुन्या वस्त्यांमधील अनेक मराठी घरांत सध्या हेच काम निघालेले आहे, कारण घरातली वडीलधारी माणसे गुडघ्यांनी थकली आहेत आणि उकिडवी सीट काढणे भाग पडले आहे.

आमची टिळकनगरातील इमारत 1994 साली बांधलेली असून आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे न्हाणीघर आणि संडास यांचा स्लॅब आजूबाजूच्या खोल्यांपेक्षा खाली उतरवलेला आहे. त्या खोलगट जागेत पाइप टाकून वर विटांचे रोडे भरले आहेत, त्यावर कोबा आहे आणि त्यावर फरशी. ही रचना लक्षात घेतल्याशिवाय पुढची तक्रार कळणार नाही. फरशीखाली झिरपलेले पाणी लगेच कोठेही दिसत नाही. ते त्या भरावात मुरत राहते, आणि बऱ्याच महिन्यांनी खालच्या घराच्या छताला, कधी कधी मूळ जागेपासून दोन-तीन हात दूर, पिवळा डाग पडतो. तोवर वरच्याला पत्ता नसतो, आणि पत्ता लागतो तेव्हा खालचे लोक जिना चढून दारात आलेले असतात.

ऑक्टोबर 2023 मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, आईसाठी आम्ही जुनी सीट काढून एकसंध टाकीचा कमोड बसवला. फोडाफोडी, नवा पाइप आणि टाइल आमच्या नेहमीच्या गवंड्याने केली, आणि कमोड ज्या दुकानातून घेतला त्यांनी ‘फिटिंग फुकट’ म्हणून माणूस पाठवला. गवंड्याचे एक काम चोख होते, ते आधी सांगतो. भारतीय बैठकीच्या सीटला स्वतःचा ट्रॅप, म्हणजे पाणी धरून खालचा वास अडवणारा वळणाचा भाग, नसतो. तो वेगळा, फरशीच्या खाली बसवलेला असतो. कमोडचा ट्रॅप मात्र त्याच्या पोटातच असतो. त्यामुळे सीट काढताना खालचा जुना ट्रॅपही काढावा लागतो. तो तसाच राहिला तर दोन ट्रॅपांच्या मध्ये हवा कोंडते, फ्लश केल्यावर पाणी आधी वर चढते, मग गुडगुड करीत सावकाश उतरते, आणि लोक कमोडच्या कंपनीला दोष देत बसतात. आमच्या गवंड्याने जुना ट्रॅप उखडून तेथे 110 मिलिमीटरचा नवा पीव्हीसी पाइप सरळ वर आणला होता.

त्याची चूक मापात झाली, आणि त्या चुकीत दुकानाच्या माणसाचा अर्धा वाटा आहे. ज्या कमोडचा निकास खाली फरशीत असतो, त्याला एस-ट्रॅप म्हणतात. भिंतीत असेल तर पी-ट्रॅप. एस-ट्रॅपचा कमोड विकत घेताना एक आकडा पाहावाच लागतो : भिंतीपासून निकासाच्या मध्यापर्यंतचे अंतर. आपल्याकडे हे अंतर बहुधा 4, 9 किंवा 12 इंचांचे असते. आमचा कमोड 9 इंची, म्हणजे 225 मिलिमीटरचा. दुकानातून गवंड्याला फोनवर ‘नऊ इंच ठेवा’ एवढेच सांगण्यात आले, आणि त्याने नऊ इंच मोजले ते विटांच्या उघड्या भिंतीपासून. पुढे भिंतीला प्लास्टर झाले, मसाला लागला, टाइल चढली आणि भिंत सुमारे एक इंच पुढे सरकली. नवाचे आठ झाले. हे अंतर टाइल लागून तयार झालेल्या भिंतीपासून मोजायचे असते, ही एवढीशी गोष्ट दोघांपैकी एकानेही उच्चारली नाही.

फिटिंगच्या दिवशी कमोड भिंतीला टेकला तरी त्याचा निकास पाइपाच्या मध्यावर येईना. अशा वेळी प्रामाणिक माणूस काम थांबवतो. या माणसाने कमोड जेथे राहील तेथे ठेवला, बुडाखाली आणि भोवती पांढरे सिमेंट थापले, ओल्या फडक्याने कडा गुळगुळीत केल्या आणि पाऊण तासात चहा पिऊन गेला. दिसायला काम इतके सुरेख होते की मी त्याला वर शंभर रुपये दिले, याचे मला आजही वाईट वाटते.

तीन-चार महिन्यांनी आई म्हणाली, "अरे, बसताना हा जरा डुलतो." मी हाताने ढकलून पाहिले, मला काही जाणवले नाही. आईचे वय 81, वजन जेमतेम 45 किलो, पण बसताना ती उजव्या बाजूला हाताचा भार देते आणि तोच भार कमोडला त्या बाजूला कलवीत होता. तिला जे रोज कळत होते, ते मला उभ्याने कळणे शक्य नव्हते. त्यानंतर वास सुरू झाला. भांड्यात पाणी पुरेसे दिसत असतानाही सकाळी दार उघडले की फरशीच्या बाजूने ड्रेनेजचा वास यायचा. भांड्यातले ते साठलेले पाणी, निदान 50 मिलिमीटर खोलीचे, खालची हवा वर येऊ देत नाही; ते जागेवर असूनही वास येत असेल तर हवा दुसऱ्या कोठून तरी येते आहे, असा याचा अर्थ. आम्हाला वाटले नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीवरचे पाणी जाते तो जाळीखालचा ट्रॅप, कोरडा पडला असेल. आठवडाभर त्यात रोज तांब्याभर पाणी ओतले. वास तसाच. डिसेंबर 2024 मध्ये खालच्या काकू वर आल्या, त्यांनी मला हाताला धरून खाली नेले आणि त्यांच्या न्हाणीघराच्या छताला फुगलेला रंग दाखवला.

येथून त्या मिस्त्रींचे काम सुरू होते. पहिल्या भेटीत त्यांनी हत्यारांची पिशवी उघडलीसुद्धा नाही. कमोडच्या मागे हात घालून टाकी आणि भिंत यांच्यामध्ये बोट जाते का ते पाहिले. बोट जात नव्हते, आणि टाकीचा मागचा काठ टाइलला घासून तेथे करडी रेघ उमटली होती. त्यांनी कमोडचे वॉरंटी कार्ड मागितले, त्यावरचे माप वाचले, टेप लावला आणि म्हणाले, "साहब, इसको बिठाया नहीं है, चिपकाया है." मग त्यांनी आईकडून कपड्यांना घालायची नीळ मागून घेतली. फरशी आणि कमोडचे बूड कोरड्या फडक्याने पुसले, भांड्यात चमचाभर नीळ टाकली, एकदा फ्लश केला आणि एक बादली पाणी वेगाने ओतले. आम्ही सगळे वाकून बघत उभे होतो. सात-आठ मिनिटांनी समोरच्या डाव्या बाजूला, पांढऱ्या सिमेंटवर केसासारखी जी चीर होती, तिच्यात निळी रेघ उमटली आणि हळूहळू नखाएवढी लांब झाली. चौदा महिन्यांच्या सगळ्या शंका त्या रेघेने संपवल्या. या तपासणीचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. कामाची तारीख मात्र दहा दिवसांनंतरची दिली.

काम जानेवारी 2025 मध्ये झाले. ठरल्या दिवसापेक्षा दोन दिवस उशिरा आले, आणि तसे आधी कळवलेही नाही. त्या दोन्ही दिवशी मी कार्यालयातून रजा काढली होती. आले ते भाच्याला घेऊन, कारण हा कमोड चाळीस किलोच्या आसपास असतो आणि एकट्याने उचलला तर हमखास कोठेतरी आपटतो. आधी अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ, बंद करून टाकी रिकामी केली, भांड्यातले पाणी स्पंजाने टिपून काढले. मग पांढरे सिमेंट कापण्यास सुरुवात झाली. मला वाटले होते की छन्नी-हातोडा चालेल आणि कमोडला तडा जाईल. त्यांनी लोखंड कापायच्या करवतीचे नुसते पाते, एका टोकाला चिंधी गुंडाळून, बुडाखालच्या सांध्यात घातले आणि तासभर शांतपणे फिरवीत राहिले. कमोड सुटला तो एकही टवका न उडता.

खाली जे दिसले ते सांगायलाच हवे. पाइपाचे तोंड फरशीच्या पातळीच्या अर्धा इंच खाली राहिले होते आणि कमोडच्या निकासाची कडा समोरच्या बाजूने त्या तोंडाच्या बाहेर, टाइलवर आली होती. भिंतीकडच्या बाजूला तेवढीच चंद्रकोरीएवढी फट उघडी होती. वास तेथून यायचा. प्रत्येक फ्लशच्या वेळी पाण्याचा बराच भाग पाइपात पडत होता, पण समोरचा थोडा भाग टाइलच्या कापलेल्या काठावर आपटून खाली भरावात जात होता. वर्षभर रोज, दिवसातून पंधरा-वीस वेळा. बुडाखालचे सिमेंट पिवळट आणि इतके मऊ झाले होते की मिस्त्रींनी ते बोटाने उकरून दाखवले. त्यांनी सर्वांत आधी प्लास्टिकच्या पिशवीत जुने फडके कोंबून पाइपाचे तोंड बंद केले, म्हणजे खालचा वायू वर येणार नाही आणि खडे आत पडणार नाहीत.

पांढऱ्या सिमेंटविषयी माझे मत आता पक्के झाले आहे, आणि ते मिस्त्रींच्या मतापेक्षाही थोडे कडक आहे. ते म्हणतात की कमोड खाली नीट जोडलेला असेल तर भोवती सिमेंट लावले तरी बिघडत नाही. मला ते पटत नाही. सिमेंट ताठ असते. कमोड केसभर हलला तरी ते तडकते, आणि एकदा तडकले की पुन्हा जुळत नाही. ते पाणी शोषते, म्हणून पिवळे पडते. आपल्याकडे नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते आणि मधल्या दिवशी बोअरिंगवर भागवावे लागते; बोअरिंगच्या जड पाण्याचे पांढरे थर भांड्यात बसले की घरोघरी संडास साफ करायचे अ‍ॅसिड ओतले जाते, आणि ते बुडाशी ओघळले की सिमेंटला खात जाते. शिवाय सिमेंटात गाडलेला कमोड पुन्हा काढायचा झाला, तर दहापैकी आठ मिस्त्री तो फोडूनच काढतील. एवढे सगळे असूनही पांढरे सिमेंट वापरले जाते, कारण ते स्वस्त आहे आणि खालची चूक झाकते. आमच्याकडे त्याने नेमके हेच केले.

दुरुस्तीत सगळ्यात जास्त वेळ मापाला गेला. एक इंचाची चूक सुधारण्यासाठी एक तर भिंतीची टाइल काढायची, नाही तर फरशी फोडून सगळा पाइप सरकवायचा, असे मला वाटत होते. मिस्त्रींनी तिसरा मार्ग सुचवला. पाइपाच्या तोंडाभोवतीची वीतभर फरशी तेवढी उघडली, पाइप स्वच्छ कापला आणि त्यावर तिरक्या मध्याचा कनेक्टर सॉल्व्हंटने बसवला. या कनेक्टरचे खालचे आणि वरचे तोंड एका रेषेत नसते. वरचे तोंड सुमारे एक इंच पुढे असते. हा तुकडा सियागंज बाजारात त्यांना दुसऱ्या दुकानात मिळाला, पहिल्या दुकानदाराला तो काय असतो हेही ठाऊक नव्हते. त्याचे वरचे तोंड तयार फरशीच्या बरोबर पातळीत आणले, भोवतीचा खड्डा जलरोधक मिसळलेल्या मसाल्याने भरला, आणि मसाला आवळेपर्यंत ते दीड तास जेवायला गेले. परतल्यावर टेप लावून मला स्वतःला वाचायला लावले : भिंतीपासून मध्यापर्यंत नऊ इंच.

यानंतर कमोड कोरडाच, काहीही न लावता, जागेवर ठेवून पाहिला. पेन्सिलीने त्याच्या बुडाची रेघ फरशीवर आखली आणि भांड्याच्या कडेवर पाणसळ ठेवली. आपल्या न्हाणीघरांच्या फरशीला नहाणी ट्रॅपकडे उतार दिलेला असतो. तो असायलाच हवा, पण त्यामुळे सपाट बुडाचा कमोड फरशीवर तीनच ठिकाणी टेकतो आणि चौथ्या बाजूला डुलतो. आमच्याकडे उजव्या बाजूला दोन रुपयांची दोन नाणी सरकतील एवढी पोकळी होती. म्हणजे आईचे म्हणणे पहिल्या दिवसापासून खरे होते. तेथे मिस्त्रींनी प्लास्टिकच्या पातळ पाचरी सरकवल्या, पाणसळीचा बुडबुडा मध्ये आला, आणि मग आईला बोलावून, कपड्यानिशीच, तीन वेळा बसून उठायला सांगितले. "माँजी, अब बताओ, हिलता है क्या?" आई म्हणाली, "थोडा इधर." आणखी एक पाचर गेली. माझ्या लेखी या माणसाच्या कामाचे निम्मे गुण याच पाच मिनिटांचे आहेत.

स्क्रूंसाठी भोके पाडताना टाइलवर आधी चिकटपट्टी लावली, म्हणजे ड्रिल घसरत नाही. टाइलचा चकचकीत थर पार होईपर्यंत हातोड्याचा झटका बंद ठेवला, आणि ड्रिलच्या पात्यावर पट्टीची खूण करून भोक दोन इंचांपलीकडे जाऊ दिले नाही, कारण त्याखाली कोठे पाइप आहे हे नेमके ठाऊक नव्हते. भोकातली धूळ फुंकून काढली, आत थोडे सिलिकॉन भरले आणि मग गिट्टी, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची खुंटी, ठोकली. तसे केले नाही तर फरशी धुतल्यावर याच भोकांतून पाणी खाली उतरते. पहिल्या माणसाने स्क्रू लावलेच नव्हते. बुडावरच्या स्क्रूच्या भोकांवर पांढऱ्या टोप्या मात्र इमानेइतबारे बसवल्या होत्या.

निकास आणि कनेक्टर यांच्यामध्ये रबरी कॉलर बसवली. तिला आतून साबणाचे पाणी लावले. तेल किंवा ग्रीस लावले तर रबर फुगून खराब होते. अमेरिकेत या जागी मेणाची जाड चकती बसवतात आणि तिकडचे व्हिडिओ पाहून माझ्या मुलीने तीच मागवावी असा आग्रह धरला होता. मेणाची चकती एकदा दबली की दबली. कमोड थोडा हलला किंवा उचलून पुन्हा ठेवला तर तिची पकड जाते आणि नवी घालावी लागते. रबर दबते आणि पुन्हा फुगते. आपल्या ओल्या, उताराच्या फरशीवर मला रबरच शहाणपणाचे वाटते. कमोड वरून सरळ खाली उतरवला, न फिरवता, आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळले. एकीकडचा पूर्ण आवळून मग दुसरीकडे गेले तर चिनी माती तडकते. जास्त जोर लावला तरी तडकते. पाचरींचे बाहेर राहिलेले भाग सुरीने छाटून टाकले.

लगेच सिलिकॉन मारतील असे मला वाटले होते. त्यांनी साफ नकार दिला. आधी चाचणी : सलग दहा फ्लश, प्रत्येकानंतर बुडाभोवती टिश्यूची घडी फिरवायची, पुन्हा एकदा नीळ घातलेली बादली. टिश्यू कोरडा राहिला. तरीही या सगळ्यात फरशी थोडी ओली झालीच होती आणि ओल्या जागी सिलिकॉन धरत नाही, म्हणून पंखा लावून, दार उघडे ठेवून ते दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले. दोन फेऱ्या मारणारा मिस्त्री मी इंदुरात पहिल्यांदाच पाहिला.

सिलिकॉन घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. त्यावर न्हाणीघरासाठी, म्हणजे सॅनिटरी, असे लिहिलेले असावे. त्यात बुरशी रोखणारे द्रव्य असते आणि साधे सिलिकॉन पावसाळ्यात काळे पडते. दुसरे, ज्याला लावताना व्हिनेगरसारखा उग्र वास येतो ते सिलिकॉन टाइल आणि चिनी मातीवर चालते, पण संगमरवर किंवा तत्सम दगडावर डाग पाडते; तेथे बिनवासाचे, न्यूट्रल लिहिलेले घ्यावे. आमच्या संडासात टाइल असल्याने पहिल्या प्रकाराने भागले. बुडाच्या आणि फरशीच्या बाजूने चिकटपट्टी लावली, एका हाताने न थांबता रेघ ओढली, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने ती दाबली आणि वरचा थर धरण्याआधी पट्ट्या सोलून काढल्या. त्यानंतर 24 तास संडास बंद. जाड रेघ आतपर्यंत वाळायला याहून अधिक वेळ लागतो, तेव्हा ‘दोन तासांत वापरा’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

सिलिकॉनच्या बाबतीत आमचा एक वाद झाला. मिस्त्रींनी मागच्या बाजूला, भिंतीकडे, दोन बोटांएवढी जागा मुद्दाम उघडी ठेवली. त्यांचे म्हणणे असे की उद्या खालचा सांधा गळलाच तर पाणी त्या जागेतून बाहेर दिसेल. चारही बाजू बंद केल्या तर ते आतच साचेल आणि पुन्हा खालच्या काकूंच्या छतातूनच कळेल. माझा आक्षेप असा होता की आपण संडासात रोज बादलीने पाणी मारतो, परदेशात फरशी कोरडी असते; हीच फट उलट पाणी आत घेईल. थोडा विचार केल्यावर मी माघार घेतली. फरशीचा उतार भिंतीकडून दाराकडे आहे, त्यामुळे मागच्या कोपऱ्यात पाणी थांबत नाही. ज्यांच्या घरी उतार भिंतीकडे असेल, त्यांनी मात्र चारही बाजू बंद कराव्यात, असे माझे मत अजूनही आहे.

खर्च असा झाला : मजुरी 2,200, तिरका कनेक्टर 450, सिलिकॉन 320, स्क्रू, गिट्ट्या आणि पाचरी 180, टाकीची नवी कनेक्शन नळी 250, एकूण 3,400 रुपये. कच्चे बिल मागितल्यावर मिळाले, आपणहून नाही. ‘फुकट’ फिटिंगपायी खालच्या घराचे छत खरवडून रंगवून देण्यासाठी आम्हाला 6,000 रुपये वेगळे मोजावे लागले, ते या हिशोबात धरलेले नाहीत.

आता उणिवा. उशिराचे वर लिहिलेच आहे. फरशी उघडताना शेजारच्या एका टाइलचा कोपरा उडाला आणि तो सिलिकॉनखाली झाकला जाईल असे समजून त्यांनी मला ते सांगितले नाही. गेला नाही, दिसतो. डाव्या बाजूची सिलिकॉनची रेघ उजवीपेक्षा जाड आहे, तिच्यात अंगठ्याचा ठसा आहे. जुन्या सिमेंटचे ढेकूळ आणि टाइलचे तुकडे त्यांनी गोणीत भरून जिन्याखाली ठेवले आणि निघून गेले. सकाळच्या कचरागाडीने ती गोणी घेतली नाही, आणि ते बरोबरच होते. ज्या शहरात ओला आणि सुका कचरा घराघरांतून वेगळा जातो, तेथे मलबा त्यात कसा जाईल. तो वेगळ्या गाडीने पाठवण्याची खटपट मला करावी लागली. वर्षभराची हमी आहे, पण तोंडी.

आज सात महिने झाले आहेत आणि मधला बराचसा पावसाळा गेला आहे. कमोड हलत नाही. आईने त्याविषयी बोलणे बंद केले आहे, हीच माझ्या दृष्टीने खात्री. वास नाही. दर महिन्याला मी मागच्या त्या फटीत टिश्यू सरकवून पाहतो, तो कोरडा निघतो. खालच्या काकूंच्या छताचा रंग जसाच्या तसा आहे. पाचपैकी चार गुण देईन. पाचवा अडला आहे तो धुण्याच्या फवाऱ्याच्या, म्हणजे जेटच्या, अँगल कॉकपाशी : त्याच दिवशी त्यांनी तो नवी टेफ्लॉन टेप लावून बसवला होता, आणि तेव्हापासून त्यातून तासाला एखादा थेंब पडतो. खाली डबा ठेवला आहे. मागच्या आठवड्यात फोन केला, तर गणपती झाले की येतो म्हणाले.